खरवडीचा वाटा

आमच्याकडं दूध मातीच्या मडक्यात तापायचं. गोवऱ्यांच्या मंद आचेवर ते सकाळपासून दुपार कलेपर्यंत तसंच असायचं, तांबूस व्हायचं, त्यावर बोटभर साय धरायची. दिवेलागणीला माय ते दूध काढून विरजण लावायची आणि मग मडक्याच्या बुडाला चिकटलेली खरवड शिंपल्यानं खरवडायला बसायची. तो खर्र खर्र आवाज मला आजही ऐकू येतो. आवाज झाला की मल्लूदादा जिथं असेल तिथून धावत यायचा. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, मिसरूड फुटलेला, नांगर धरणारा गडी, पण खरवडीसाठी उंबऱ्यात उकिडवा बसून हात पुढं करायचा. मला त्यातली नखभर मिळायची. मी भांडायची आणि माय म्हणायची, "त्याचा वाटा हाय तो." का, ते तिनं कधी सांगितलं नाही. घरात काही गोष्टी अशाच ठरलेल्या असतात.

आमचं गाव राणीसावरगाव. घर शेतकऱ्याचं, लिंगायताचं. पहाटे अप्पा आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून पूजेला बसायचे. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवून ते इतके निश्चल बसत की हातावरचं पाणीसुद्धा हलत नसे. त्या वेळी घरात भांडं वाजवायची कुणाची छाती नव्हती. पूजा संपली की मात्र त्यांचा आवाज सुटायचा. त्या आवाजावर बैल चालायचे, माय चालायची, आम्ही दोघं चालायचो. अप्पा वाईट नव्हते हो. बैलांनी खाल्ल्याशिवाय स्वतः जेवायचे नाहीत, वासराला ताप आला तर गोठ्यातच अंथरूण टाकायचे. पण धाक असल्याशिवाय घर चालत नाही, ही त्यांची पक्की समजूत होती. ती खोटी आहे असं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण धाकच तेवढा होता.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला मल्लूदादा गंगाखेडच्या बाजारातून गाडी घेऊन येत होता. वाटेत दुसऱ्या एका गाडीवानाशी त्याची शर्यत लागली, चाक चाकोरीतून निसटलं आणि हौश्या बैलाचा पुढचा पाय मोडला. हौश्याला अप्पांनी वासरू असताना हातानं दूध पाजलं होतं. त्यांनी दादाला पारापाशी, सगळ्या गावासमोर आसुडानं मारलं. दादा हुं की चूं न करता मार खात राहिला आणि त्याच दिवशी कुठंतरी निघून गेला.

तीन दिवस अप्पा हिंडले. आसपासच्या साऱ्या विहिरींत वाकून बघितलं, नदीकाठ तुडवला, अन्नाला शिवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला माय मडकं खरवडायला बसली होती. शिंपल्याचा आवाज सुरू झाला आणि दादा दारात उभा. अंगावर बोटभर धूळ, ओठ फुटलेले. माझ्या तोंडून "दादा!" निघालं तोवर अप्पा उठले होते. ते त्याला पोटाशी धरतील असं मला वाटलं. त्यांनी खुंटीवरचा आसूड काढला. "आता सुचलं घर? आता आलास?" एवढंच म्हणाले आणि पहिला फटका उंबऱ्यातच बसला. दुसरा बसायच्या आत दादा वळला आणि गेला. मायच्या हातात शिंपला तसाच राहिला. अप्पांचा हात भीतीनं उठला होता, तीन दिवस विहिरीत डोकावून साठलेल्या भीतीनं, हे मला कळायला माझी स्वतःची लेकरं मोठी व्हावी लागली.

त्यानंतर दादाची खबर नाही. माय रोज खरवड काढायची आणि वाटीत झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती वाळून टणक झाली की भिजवून गायीपुढं ठेवायची. मला ती मागायचं धाडस होईना. अप्पा ती झाकलेली वाटी रोज बघायचे आणि हात धुवायला जायचे.

चैत्रात गिरजाबाई आली. ही धनगरीण दरसाल आपल्या दोन पोरांसह मेंढरं घेऊन आमच्या रानात बसायची. सुगी झालेल्या रानात रात्रीची मेंढरं बसली की लेंडीखत आयतं पडतं, म्हणून शेतकरी त्यांना आवतण देतात आणि बदल्यात ज्वारी घालतात. गिरजाबाई उंच, काटक, तोंडात कायम तंबाखू आणि बोलणं असं की समोरच्यानं सांभाळून असावं. अप्पांना ‘अरेतुरे’ करणारी पंचक्रोशीत ती एकटीच होती. तिची तीन कुत्री होती आणि ती नुसत्या जिभेच्या आवाजावर चालायची. ती जीभ टाळूला लावून ‘च्यक्’ करायची, की लांब गेलेलं कुत्रं वळायचं. तिच्या हातात काठी असायची ती मेंढरांसाठी झाडाचा पाला पाडायला.

एकदा अप्पांनी तिला विचारलं, "गिरजाबाई, कुत्री लय शहाणी केलीस. किती मारलंस यांना?"

"मारलं असतं तर माझ्यापाशी राह्यली असती का रे?" ती म्हणाली. "रान चौफेर मोकळं हाय."

अप्पा हसले, पण तोंडातल्या तोंडात.

रानडुकरांनी त्या साली भुईमूग उकरून टाकला होता, म्हणून गिरजाबाईनं एक पिल्लू आम्हाला देऊ केलं. तांबडं, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिक्या. अप्पांनी अट घातली. घरात घ्यायचं नाही, ओसरीची पायरीसुद्धा चढू द्यायची नाही, आणि मेंढरं हलायच्या आत हाकेला यायला लागलं नाही तर गिरजाबाईनं परत न्यायचं. रोज दुपारची भाकरी घेऊन रानात मीच जायची, तेव्हा टिक्या माझ्या गळ्यात पडला. मी खूश. आजवर सगळ्यांनी मला हुकूम दिले होते, आता हुकूम द्यायला मलाही कुणीतरी मिळालं होतं.

दोन दिवसांत माझी खुशी उतरली. टिक्या तित्तरामागं जायचा, खारीमागं जायचा, आणि काहीच नसलं तर स्वतःच्या शेपटीमागं जायचा. एका दुपारी मी त्याला हाका मारमारून बेजार झाले. घसा बसला, ऊन डोक्यात गेलं. शेवटी तो आला. जीभ बाहेर, शेपटी हलवत, कान पाडून, मोठ्या आनंदात आला. मी हाताशी पडलेली तुराटी उचलली आणि सण्णकन त्याच्या पाठीत घातली. तो ओरडला नाही. जमिनीला पोट लावून बसला आणि तिथंच मुतला.

गिरजाबाई वाघूर, म्हणजे मेंढरांभोवती लावायचं दोरीचं जाळं, सांधत बसली होती. तिनं मान वर केली. "कामून मारलंस गं पारू?"

"कवाच्यान हाका मारायले. आता आला."

"मग मार कशाचा दिलास?"

"उशीर केल्याचा."

"त्याला उशीर कळतो?" ती म्हणाली. "त्याला एवढंच कळलं, पारूपाशी गेलं की पाठीत बसती. उशिराला न्हाई मारलंस, पोरी, त्याच्या येण्याला मारलंस. आता उद्या कशापायी येईल ते?"

माझ्या डोळ्यांपुढं आमचा उंबरा आला. धुळीनं माखलेला दादा, मायच्या हातातला शिंपला, आणि तो आवाज, ‘आता आलास?’ तासभर मी टिक्याला हाका मारत होते त्या नेमक्या त्याच आवाजात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तोवर मी अप्पांवर मनातून दात खात होते. त्यांच्यासारखी मी मुळीच नाही, अशी माझी ठाम खात्री होती. मी हमसून हमसून रडले. गिरजाबाईनं समजूत वगैरे काढली नाही. तंबाखू थुंकली आणि म्हणाली, "रडून झालं की सांग. मग शिकवते." मी विचारलं, "टिक्याला?" "टिक्याला काय शिकवायचंय? तुला."

शिकवणं फार साधं होतं आणि म्हणूनच अवघड होतं. पहिले तीन दिवस हाकच मारायची नाही. जमिनीवर बसायचं, त्याच्याकडं तोंड करून नव्हे, आडवं बसायचं. डोळे दुसरीकडं. हात खाली, तळवा उघडा, त्यात घास. आणि वाट बघायची. आला की ‘च्यक्’ करायचं, घास द्यायचा आणि म्हणायचं, "आलास? बरं केलंस." लगेच आला तरी हेच, तासानं आला तरी हेच. त्याच्या मागं धावायचं नाही आणि रागावलेलं असताना त्याला बोलवायचंच नाही, आधी राग घालवून यायचा. मी म्हणाले, राग जात नसला तर? "तर त्या दिवशी कुत्रं पाळू नको," ती म्हणाली.

भाकरीच्या तुकड्याला टिक्या भुलेना, तो पाच पावलांवर थांबायचा. तेव्हा मला खरवड आठवली. मी मायला भीतभीतच विचारलं. ती झाकलेल्या वाटीकडं बघत राहिली. "त्याचा वाटा हाय तो," ती नेहमीसारखं म्हणाली. मी वळले, तर मागून म्हणाली, "थांब. घेऊन जा. त्याच्या वाट्यानं कुणीतरी तर येऊ दे." तिनं पळसाच्या पानात खरवड बांधून दिली. तेव्हापासून आदल्या संध्याकाळची खरवड रोज माझ्याबरोबर रानात जाऊ लागली.

खरवडीलासुद्धा टिक्या लगेच भुलला नाही. मी गोड बोलायची, "ये रे बाळा, ये रे राजा," आणि तो तिथंच थबकायचा. गिरजाबाई लांबून हसायची. "तोंडानं ये म्हणायलीस आणि खांद्यानं जा म्हणायलीस!" मी खांद्याला हात लावून बघितला तर तो खरंच कानापर्यंत चढला होता. दात आवळलेले होते. माझं अंग काय बोलतंय हे तोवर मला ठाऊकच नव्हतं. त्या वितीएवढ्या पिल्लाला मात्र ते लांबून वाचता येत होतं. मी श्वास सोडायला शिकले, चूक झाली की आधी स्वतःकडं बघायला शिकले. गिरजाबाईचं कुत्रं चुकलं की ती स्वतःचंच डोकं खाजवायची आणि म्हणायची, "माझंच कायतरी चुकलं." एवढ्या ताठ्याच्या बाईच्या तोंडी ते वाक्य इतकं सहज यायचं की मी बघत राहायची. मी पुढं बरीच शिकलेली माणसं पाहिली. असं म्हणू शकणारी फार थोडी निघाली.

मध्यंतरी माझ्या नातवानं कुत्रं आणलं आणि त्याला शिकवायला एक चुणचुणीत मुलगी यायला लागली. कमरेला पिशवी, पिशवीत बिस्किटाचे तुकडे, हातात टक् वाजणारी एक डबी. ती नातवाला सांगत होती, "तो आल्यावर कधीही ओरडायचं नाही." मी आतून मोठ्यानं म्हणाले, "आलास? बरं केलंस, असं म्हणायचं." ती चकित झाली आणि तुम्ही कुठं शिकलात म्हणून विचारलं. काय सांगणार? गिरजाबाईला सही करता येत नव्हती.

अप्पा रानात कुळवाची पाळी घालता घालता हे सगळं बघत असायचे. हौश्याच्या जागी शेजाऱ्याचा बैल सावडीला, म्हणजे कामाच्या आलटापालटीवर, घेतला होता. एकदा त्यांनी गंमत म्हणून टिक्याला हाक मारली, आपल्या त्या आवाजात. टिक्या गिरजाबाईच्या लुगड्यामागं जाऊन बसला. सगळे हसले, अप्पाही हसले. पण नंतर एका दुपारी मी जरा लवकर पोहोचले, तर अप्पा बांधावर एकटेच आडवे बसलेले, हातात भाकरीचा तुकडा, नजर भलतीकडं, आणि टिक्या दहा पावलांवर विचार करतोय. माझी चाहूल लागताच ते खाकरून उठले आणि बैलांवर उगाचच ओरडले. मीही काही पाहिलं नाही असं दाखवलं.

वैशाखात गावातला एक जण रानात सांगत आला, मल्लू चुडाव्याच्या स्टेशनावर पोती उचलायलाय, मी डोळ्यांनी पाहिला. माय त्या दिवशी धसकटं वेचायला आली होती. अप्पांनी औताचं रुमणं सोडलं, पटका बांधला. "आत्ता निघतो. कानाला धरून आणतो."

"नका जाऊ, अप्पा," मी म्हणाले.

असं मी जन्मात कधी म्हटलं नव्हतं. अप्पा वळले. माझे खांदे खाली होते, एवढं आठवतं. "तुमी धराया गेलात तर तो पळल," मी म्हणाले. "चुडाव्याच्या पुढं रूळ लय लांब जातेत."

आता मार बसणार असं मला वाटलं. अप्पांनी गिरजाबाईकडं बघितलं. ती वाघूर सांधत राहिली, मान वर न करता म्हणाली, "माझं थोरलं पोरगं परवा पूर्णेकडं, चुडाव्याच्या अंगालाच जायलंय, सासुरवाडीला. काय सांगावा धाडायचा ते सांग."

अप्पांचे ओठ हलले. "म्हणावं..." ते म्हणाले आणि थांबले. एवढा मोठा आवाज, पण त्यांना तो लहान करता येईना. शेवटी माय म्हणाली, "म्हणावं, खरवड कुणी खाईना."

गिरजाबाईची मेंढरं हलली. टिक्या राहिला, तो आता माझ्या एका हाकेत यायचा. निघताना तिनं टिक्याला कुरवाळलं, मला नाही. मला म्हणाली, "अजून तुझा खांदा चढतो." तिच्यापेक्षा चांगला गुरू मला पुढं मिळाला नाही.

मग काही दिवस गेले. आठ असतील, दहा असतील. मायनं रोज अंगण झाडताना वाटेकडं बघितलं. एका दुपारी मी भाकरी घेऊन रानात पोहोचले आणि टिक्या अचानक भुंकत सुटला. बांधावरच्या बाभळीखाली कुणीतरी उभं होतं. हडकलेलं, खांद्यावर फाटकं पोतं. टिक्यानं दादाला कधी पाहिलं नव्हतं, तो अंगावरच चालला होता. दादा एक पाऊल मागं सरला. मी जीव एकवटून, पण आवाज न चढवता हाक मारली, "टिक्या, ये!" तो अर्ध्या वाटेतून वळला आणि माझ्यापाशी आला. "आलास? बरं केलंस," मी म्हणाले. माझा हात पळसाच्या पानाकडं गेला, तर तिथं आधीच अप्पांचा हात होता.

त्यांनी ते पान उचललं. बैल तसेच उभे. अप्पा ढेकळांतून पंधरा-वीस पावलं गेले. मी श्वास रोखला, कारण ते सरळ दादाच्या दिशेनं चालले होते आणि दादाचं अंग वळायला लागलं होतं. तेवढ्यात अप्पा थांबले आणि खाली बसले. तापलेल्या मातीत, मांडी घालून, आडवे. तोंड नदीकडं. पान सोडून खरवड डाव्या तळहातावर घेतली आणि हात पुढं धरला. पहाटे इष्टलिंग धरायचे तसाच तो हात होता, फक्त या वेळी थरथरत होता.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. सावडीच्या बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली. दादा पुढं आला, थांबला, पुन्हा आला. अप्पांनी एकदाही वळून बघितलं नाही. ते न बघणं त्यांना किती जड गेलं असेल, हे त्यांच्या मानेच्या ताठलेल्या शिरांवरून मला दिसत होतं. दादा त्यांच्या शेजारी येऊन उकिडवा बसला, उंबऱ्यात बसायचा तसा, आणि त्यांच्या तळहातावरची खरवड उचलली.

"आलास?" अप्पा म्हणाले. "बरं केलंस."

कितीतरी वर्षांनी दादा मला म्हणाला, माझा एक पाय पळायला उचललेलाच होता. पण अप्पांना मी कधी माझ्यापुढं खाली बसलेलं बघितलं नव्हतं, म्हणून थांबलो.

अप्पा पार बदलले, असं मी लिहिणार नाही. आठ दिवसांत त्यांचा आवाज पुन्हा शिवारभर ऐकू यायला लागला, मडक्याला तडा गेला तेव्हा त्यांनी मायला बोल लावले, हौश्याची आठवण निघाली की दादा खाली मान घालायचा. पण घरी आलेल्याला, कितीही उशिरा येवो, त्यांनी पुन्हा कधी मारलं नाही. आणि त्यासाठी त्यांना किती कष्ट पडत होते, ते मला ठाऊक आहे. त्यांच्या जागी मी लेकरांची आई म्हणून अनेकदा उभी राहिले आहे आणि दर वेळी जमलंच असं नाही.

त्या संध्याकाळी माय मडकं खरवडायला बसली. शिंपल्याचा आवाज झाला तसे पायरीखाली टिक्याचे कान उभे राहिले आणि दारात दादाचीही मान वळली. माझं हसू फुटलं, मग मायचं. तिनं खरवडीचे तीन वाटे केले. एक दादाच्या हातावर ठेवला. एक मला दिला, टिक्यासाठी. तिसरा अप्पांच्या ताटात वाढला.

अप्पा ताटाकडं बघत म्हणाले, "मला कामून?"

माय चुलीकडं वळली आणि जाळ पुढं सारता सारता म्हणाली, "आज तुमी बी आलात की."